निवृत्तीनंतर कुठे राहायचं, घर कुठे घ्यायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघांनी निवृत्तीनंतर मुक्काम हलवला. त्याआधी सासू-सासऱ्यांना हलताना अगदी जवळून पाहिलं होतं. तेव्हापासून निवृत्तीला आलेले ओळखीचे लोक घराचा विषय निघाला की माझ्याकडे येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवते आहे. कायदे आणि कर देशागणिक बदलतात, त्यामुळे तेवढा भाग तुमच्याकडच्या वकिलाला आणि कर सल्लागाराला विचारा.

निवृत्त झालो की घर बदलायलाच हवं का?

मुळीच नाही. बहुतेक लोक आहेत तिथेच राहतात आणि पुष्कळांना तेच मानवतं. घर कुठे घ्यायचं हे ठरवण्याआधी आत्ताचं घर का सोडायचं, ते एका कागदावर लिहून काढा. जिने, भाडं, हवा, एकटेपणा, पैसा, जे असेल ते. मग त्यातलं किती आहे त्याच घरात सुटू शकतं ते बघा. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावणं किंवा बाथरूम नव्याने करून घेणं हे घर बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

१९६७ साली होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ताणाच्या घटनांना गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १००, निवृत्तीला ४५, घर बदलण्याला २०. निवृत्तीच्याच महिन्यात घरही बदलायचं म्हणजे दोन्ही ताण एकदम अंगावर घ्यायचे. नोकरी सुटल्यानंतरचं पहिलं वर्ष शक्यतो आहे त्याच घरात काढा. दिवस कसा जातो हे कळल्याशिवाय तो कुठे घालवायचा हे ठरवता येत नाही.

ठिकाण निवडायला सुरुवात कुठून करायची?

पुढेमागे दोघांपैकी एकच जण मागे राहील, त्याच्यापासून.

हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण सगळं इथेच अडतं. घर बघायला दोघं जातात आणि निवडतातही दोघांसाठी. पुढे एक जण आधी जातो आणि ते घर दुसऱ्याला एकट्याने निभवावं लागतं. माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर उतारावरचं एक सुंदर घर घेतलं. फाटकापासून दारापर्यंत १४ पायऱ्या, बाजार गाडीने दहा मिनिटांवर. गाडी सासरेच चालवायचे. घर घेतल्यावर सात वर्षांनी ते गेले. गाडी पोर्चमध्ये तशीच उभी राहिली. सासूबाईंना गाडी चालवता येत नव्हती, पण दर रविवारी त्या ओलं फडकं घेऊन तिच्यावरची धूळ पुसायच्या. भाजी आणायला शेजाऱ्यांना सवड कधी होईल याची वाट बघायच्या. मागणं जिवावर येई, म्हणून भाजी संपली तरी दोन-दोन दिवस बोलायच्या नाहीत. तेच घर दोघं असताना त्यांना खरोखर आवडत होतं.

म्हणून कुठल्याही ठिकाणी एवढं विचारा : माझ्या जोडीदाराला इथे एकट्याने, गाडीशिवाय, दुखऱ्या गुडघ्याने आठवडा काढता येईल का? दूध, भाजी, औषधं, बँक, डॉक्टर आणि एखादं बोलायला माणूस, एवढं सगळं चालत किंवा साध्या बसने गाठता येतं का? तुम्ही एकटेच असाल तर हाच प्रश्न तुमच्या ८५ व्या वर्षासाठी विचारा. आमच्या यादीतली निम्मी ठिकाणं या एका प्रश्नावर गळली.

सुट्टीत जिथे मन रमतं तिथेच घर घेतलं तर?

सुट्टीत आपण त्या जागेचे चांगले दिवस बघतो, आणि तेही दुसऱ्याने केर काढलेल्या खोलीत राहून. डॅनियल कानेमन आणि डेव्हिड श्केड यांनी १९९८ साली अमेरिकेत एक अभ्यास केला. छान हवेच्या कॅलिफोर्नियातले आणि कडक थंडीच्या मध्यपश्चिम भागातले विद्यार्थी आपापल्या आयुष्यावर जवळपास सारखेच समाधानी निघाले. पण कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. हवा आणि देखावा डोळ्यांत भरतो, म्हणून ठरवताना त्यांचं वजन वाढतं. राहायला लागल्यावर दिवसभर खिडकीबाहेर कोण बघत बसतं? पाणी किती वाजता येतं, नळ गळला तर कुणाला बोलवायचं, संध्याकाळी गप्पा कुणाशी मारायच्या, यावर दिवस बरा की वाईट ते ठरतं.

तरीही ते ठिकाण मनातून जात नसेल तर तिथे सर्वांत वाईट ऋतूत जाऊन राहा. पर्यटक पाठ फिरवतात त्या महिन्यांत. तेव्हा निम्मी दुकानं बंद असतात का आणि डॉक्टर गावात असतो का, ते बघायला मिळतं.

आधी भाड्याने राहावं का? किती दिवस?

हो. जमलं तर वर्षभर, नाहीतर निदान सर्वांत वाईट ऋतूसकट सहा महिने. लोक म्हणतात भाडं वाया जातं. चुकीचं घर घेऊन विकताना मुद्रांक शुल्क, दलाली, कर आणि सामान हलवण्याचा खर्च दोनदा भरावा लागतो, त्यापुढे वर्षाचं भाडं काहीच नाही.

भाड्याने राहताना पाहुण्यासारखं राहू नका. दात दुखत नसला तरी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. बँकेत एक काम काढा. भर दुपारी चालत बाजारात जा आणि ओझं घेऊन चालत परत या. रात्री दहाला रस्त्यावर किती उजेड असतो ते बघा. आम्ही पावसाच्या दिवसांत पहिल्या पसंतीच्या गावात तीन महिने राहिलो. दुसऱ्याच महिन्यात कपाटातल्या कोटांना बुरशी आली, यांच्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी साय धरली आणि माझा जुना दमा उलटला. ते गाव उन्हाळ्यात पाहिलं होतं तेव्हा स्वर्ग वाटलं होतं. घर घेतलं असतं तर हे सगळं खरेदीखत झाल्यावर कळलं असतं.

मुलांच्या जवळ राहायला जावं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात नाजूक प्रश्न.

यूजीन लिटवाक आणि चार्ल्स लाँजिनो या अभ्यासकांनी १९८७ साली म्हाताऱ्या माणसांच्या स्थलांतराचे तीन टप्पे मांडले. पहिलं स्थलांतर निवृत्तीनंतर, तब्येत धड असताना, चांगली हवा आणि हौसमौज बघून होतं. दुसरं शरीर थकू लागल्यावर, बहुधा जोडीदार गेल्यावर, मुलांच्या जवळ होतं. तिसरं घरच्यांनाही झेपेनासं झालं की शुश्रूषेच्या संस्थेत. प्रत्येकाच्या वाट्याला तिन्ही येतात असं नाही. पण ही मांडणी माहीत असली की आत्ता घेतोय ते घर कितव्या टप्प्याचं आहे, ते स्वतःला विचारता येतं. पहिल्या टप्प्याचं घर शेवटचं समजून सगळी पुंजी त्यात ओतली, तर दुसऱ्या टप्प्याला हातात काही उरत नाही.

मुलांजवळ जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, मूल तिथे टिकणार आहे का? नोकरीच्या पाठी ते दुसरीकडे गेलं तर त्या गावात तुमचं असं काय उरतं? फक्त मुलगा किंवा मुलगी उरत असेल तर ते ठिकाण घर विकत घेण्याजोगं नाही, भाड्याने राहण्याजोगं आहे. दोन, हे त्यांच्याशी स्पष्ट बोललात का? नातवंडं किती वेळ सांभाळायची, जेवण एकत्र की वेगळं, आजारपणात काय करायचं, हे आधी बोलायला संकोच वाटतो. न बोलता राहायला गेलं की दोन्हीकडे मनात साचत जातं. मला विचाराल तर एकाच घरात राहण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावरचं वेगळं छोटं घर बरं. बोलावलं तर लगेच जाता येतं, आणि आपलं दार लावूनही घेता येतं.

हॉस्पिटल किती जवळ हवं?

किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा, आणि तीही रात्री किंवा गर्दीच्या वेळी. रक्ताची गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅन करून बघावं लागतं. म्हणजे चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं हॉस्पिटल हवं, नुसती पाटी असलेलं नव्हे. हृदयविकाराच्या झटक्यात तर एकेक मिनिट मोलाचं असतं.

पण लोक विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे. रोजच्या जगण्यात मोठ्या हॉस्पिटलपेक्षा ओळखीचा साधा डॉक्टर, रक्त-लघवी तपासणारी लॅब, व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट आणि घरी येऊन इंजेक्शन देणारं माणूस यांची गरज कितीतरी जास्त पडते. डायलिसिस लागलंच तर आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी चारेक तास. ते केंद्र दोन तासांच्या वाटेवर असेल तर आयुष्य त्या वाटेवरच जातं. आरोग्य विमा नव्या ठिकाणच्या हॉस्पिटलांत चालतो का, तेही फोन करून विचारा.

डोंगरात किंवा समुद्रकाठी घर घेण्याबद्दल काय वाटतं?

डोंगरात दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून गारवा असतो. पण २५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशच राहतो. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढ्या उंचीवर कायमचं जाऊ नका. आज नसतील, पण २० वर्षांनी?

समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, विजेची उपकरणं लवकर जातात, काँक्रीटमधल्या सळयांना गंज चढून गिलावा सुटतो. घर सुंदर दिसतं, डागडुजी मात्र कधी संपत नाही.

पुराबद्दल एक नीट समजून घ्या. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे शंभर वर्षं निश्चिंती नव्हे. तसा पूर येण्याची शक्यता दर वर्षी एक टक्का असते. २५ वर्षं राहणार असाल तर एकदा तरी तो अनुभवण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास जाते. एजंटाला विचारू नका. जवळच्या सर्वांत जुन्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत चढलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

घर बघायला जाताना काय बघू?

मोजपट्टी, टॉर्च आणि कुटुंबातलं कुणी गुडघेदुखीवालं माणूस बरोबर न्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्याआधी बाथरूम बघा. लादी ओली करून तिच्यावर पाय ठेवून बघा, घसरते का. बाथरूमला उंबरा आहे का? दार आत उघडतं की बाहेर? आत उघडणारं दार फार वाईट. माणूस आत पडलं तर त्याच्याच अंगाला अडून दार उघडत नाही. आधाराचा दांडा बसवायला भिंत भक्कम आहे का, की नुसता पोकळ पडदा आहे?

दारं मोजा. व्हीलचेअर जायला उघडलेल्या दारातून निदान ८१ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. ती वळवायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. उतार करायचा झाला तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात. म्हणजे दारापुढच्या अडीच फुटी चौथऱ्याला ३० फुटांचा उतार लागेल. अंगणात तेवढी जागा आहे का, ते तिथल्या तिथे पावलांनी मोजा.

उजेड बघा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. तुमच्या चाळिशीच्या मुलाला लख्ख वाटणारा जिना तुम्हाला अंधारा दिसेल, आणि चूक तुमची नसेल. झोपायची खोली, बाथरूम आणि स्वयंपाकघर एकाच पातळीवर हवेत, हे सांगायला नको.

नळ सोडून पाण्याचा दाब बघा. कपाट उघडून आत वास घ्या. खालच्या कोपऱ्यात नुकताच रंग मारलेला असेल तर तिथे ओल झाकलेली असण्याची शक्यता दाट.

बंगला की फ्लॅट?

साठीत बागकामाची हौस असते, ऐंशीत तीच बाग अंगावर येते. माझा कल फ्लॅटकडे आहे, पण लिफ्ट असलेल्याच. वीज गेली तरी ती चालते का, आणि आत स्ट्रेचर मावतं का, एवढं बघा.

खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती कशा असतात?

निवृत्तांच्या मोठ्या वसाहतींची कल्पना गाजली ती अमेरिकेत, १ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोनातलं सन सिटी सुरू झालं तेव्हा. आता त्या जगभर आहेत. सोबत मिळते, मदत हाताशी असते, घरं सोयीची असतात. काहींना तिथे आपल्याच वयाची माणसं बघून कंटाळा येतो आणि मुलांचा गलबला आठवतो, हेही खरं.

जाहिरातीतल्या सोयींपेक्षा करारावर वेळ घालवा. मासिक शुल्क दर वर्षी किती वाढू शकतं आणि ते कोण ठरवतं? अंथरुणाला खिळल्यावर इथेच ठेवतात की जायला सांगतात? विसरभोळेपणाचा आजार जडला तर? आपल्या पश्चात घर वारसांना मिळतं की कंपनीकडे जातं? अनामत किती दिवसांत परत? तोंडी आश्वासनाला ‘हे करारात कुठल्या कलमात आहे’ एवढंच विचारा. आणि तिथे राहणाऱ्यांशी कर्मचाऱ्यांच्या पाठीमागे, बाकावर बसून तासभर बोला.

सगळ्या पुंजीतून घरात किती घालावेत?

ठरलेली टक्केवारी मी सांगणार नाही, कारण पेन्शन असणारा आणि नसणारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण हिशेब कसा करायचा ते सांगते. ७२ ला महागाईच्या दराने भागा. सहा टक्के महागाई असेल तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठीला जेवढ्यात महिना भागतो, त्याच्या दुप्पट बहात्तरीला आणि चौपट चौऱ्याऐंशीला लागतील. उपचारांचा खर्च बहुधा त्याहूनही भराभर वाढतो. घर घेऊन उरलेले पैसे हे सगळं पेलणार असतील तरच ते घर परवडतं. घर विटा-विटांनी विकता येत नाही. ऑपरेशनला पैसे लागले म्हणून एक खोली कोण घेणार?

किमतीवर येणारे खर्चही आधीच बाजूला काढा : नोंदणी, शुल्क, दुरुस्ती, सामान हलवणं, आणि पुढे दर वर्षीचा कर व देखभाल. कर्ज शक्यतो नकोच.

जुनं घर विकून मगच नवं घ्यावं का?

बहुतेकांना दोन्ही एकदम जमत नाही, त्यामुळे शेवटी विकावं लागतंच. फक्त घाई नको. नव्या गावात भाड्याने राहत असताना जुनं घर भाड्याने देता आलं तर परतीची वाट उघडी राहते. मोठ्या शहरातून बाहेर पडताना हे विशेष जपा. तिथल्या घरांच्या किमती पुढे निघून गेल्या की परत तिथे घर घेणं अशक्य होऊन बसतं.

कागदपत्रांचं काय?

मालकीहक्काचा शोध, बोजा नसल्याची खात्री आणि बांधकाम परवानगी हे स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या नव्हे. घर दोघांच्या नावावर घ्या. मृत्युपत्र नव्या पत्त्यासह नव्याने करा. मुखत्यारपत्र करणार असाल तर वकिलाला एक प्रश्न जरूर विचारा : माझी शुद्ध हरपली तर हे चालेल का? काही देशांत ते त्या क्षणी रद्द ठरतं, काही देशांत त्यासाठी वेगळं पत्र करता येतं.

परक्या देशात किंवा परक्या भाषेच्या मुलखात जावं का?

राहण्याचा हक्क, पेन्शनवरचा कर, विमा आणि वारसाहक्काचा कायदा ही चौकशी सगळेच करतात. भाषेचा विचार कमी जण करतात. स्मरणशक्ती ढळू लागली की मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि माणूस लहानपणच्या भाषेत बोलू लागतं. तेव्हा ती समजणारं कुणी आसपास असेल का?

नव्या ठिकाणी ओळखी होतील का?

होतात, पण आपोआप नाही. एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटेल अशा ठिकाणी ठरल्या वेळी जात राहा : वाचनालय, सकाळचा फेरफटका, भजनी मंडळ, काहीही. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेला माणसांच्या आयुष्याचा अभ्यास आजही चालू आहे. म्हातारपणी तब्येत आणि मन शाबूत राहण्यात जवळच्या नात्यांचा वाटा फार मोठा असतो, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे एखाद्या ठिकाणी तुमची एक जरी जुनी मैत्रीण किंवा मित्र असेल, तर यादीत त्या ठिकाणाला वर घ्या.

आमच्या दोघांचं एकमत होत नाही. काय करावं?

दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांना न दाखवता, सोडता येणार नाहीत अशा तीन गोष्टी लिहा. मग कागद बदला. आमच्या वेळी यांनी लिहिलं होतं शांतता, झाडं, हवा. मी लिहिलं होतं बहीण, बस, डॉक्टर. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग लक्षात आलं की एकमेकांना काटणारं त्यात काहीच नाही, फक्त गाव जरा मोठं हवं. ज्याला गाडी येत नाही, किंवा जो वयाने लहान आहे, त्याच्या मताला थोडं जास्त वजन द्या. त्या घरात जास्त वर्षं बहुधा तोच राहणार.

घर घेतलं आणि चुकलं तर?

पहिले सहा महिने सगळ्यांनाच परकं वाटतं, त्यावरून काही ठरवू नका. वर्ष उलटूनही ओळखीचं माणूस नसेल, डॉक्टरकडे जाणं टाळलं जात असेल, घराबाहेर पडणं कमी होत चाललं असेल, तर मात्र लाजेपोटी थांबू नका. हातपाय चालते आहेत तोवर हलणं सोपं असतं.

सासूबाई ७६ व्या वर्षी हलल्या. उतारावरचं घर अपेक्षेपेक्षा बरंच कमी किमतीला गेलं. आता त्या बसथांब्यासमोरच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहतात. खिडकीतून देखावा म्हणाल तर बस आणि माणसं. भाजी रोज थोडी थोडी आणतात, कारण रोज बाहेर पडायला ते निमित्त होतं.